रंग मळताना

मॅचिंग सेंटरच्या दारात एक दृश्य नेहमी दिसतं. आत ट्यूबलाइटखाली दोन-तीन ब्लाउजपीस साडीवर टाकून झालेले असतात, त्यातला एक अगदी जुळल्यासारखा वाटतो, आणि तरीही गिऱ्हाईक पदर नि तुकडा हातात घेऊन पायरीवर उजेडात येतं. बरेचदा आत जुळलेला रंग बाहेर फसतो. मग परत आत, दुसरा गठ्ठा, परत बाहेर. हे त्या बायकांना कुणी शिकवलेलं नसतं. रंग जुळवण्याची खरी सुरुवात मात्र त्या पायरीवरच होते.

त्याच साडीवर पॉलिमर क्लेची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून पक्की होणाऱ्या रंगीत, मऊ क्लेची कानातली करायची असतील, तर काम आणखी अवघड होतं. दुकानदाराकडे शेकडो छटा तयार असतात, त्याला फक्त निवडायचं असतं. क्ले करणाऱ्याला तो रंग बनवायचा असतो, तोही मोजक्या पाच-सहा रंगांतून, आणि तो ओव्हनमध्ये गेल्यावर थोडा बदलणार हे धरून.

मराठीत ‘मळणं’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. कणीक मळतात आणि कपडे मळतात. क्लेमध्ये रंग बनवताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. दोन रंग एकत्र मळले की त्यांच्यासोबत बहुतेक वेळा एक तिसरा रंगही नकळत आत येतो आणि मिश्रण मळकं करतो. काही रंगांना तो मळकटपणाच हवा असतो, काहींचा त्याने जीव जातो. रंग जुळवणं म्हणजे माझ्या मते या तिसऱ्या रंगाचा हिशेब ठेवणं. बाकीचं सगळं वजनकाटा आणि धीर.

२०२५ या एकाच वर्षाने हे शिकण्यासाठी दोन उत्तम रंग दिले. रंगांना क्रमांक देणाऱ्या पॅन्टोन या कंपनीने त्या वर्षाचा रंग म्हणून मोका मूस निवडला होता: दूध घातलेल्या कॉफीसारखा, मऊ, तपकिरी. आणि आपल्याकडे नवरात्रीच्या रंगांत २९ सप्टेंबरला, सोमवारी, मोरपंखी आला. पहिला रंग मळका केल्याशिवाय होत नाही. दुसऱ्यात मळकटपणाचा कण गेला तरी मोर उडून जातो आणि शेवाळं उरतं.

आधी मातीबद्दल थोडं, कारण बाजारात ‘क्ले’ या नावाने काहीही मिळतं. हवेत वाळणारी क्ले वेगळी, कोल्ड पोर्सिलेन वेगळं. पॉलिमर क्लेमध्ये माती नसतेच. पीव्हीसीचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर, भराव आणि रंगद्रव्य एवढंच त्यात असतं. ती पाणी उडून वाळत नाही, उष्णतेने कण एकमेकांत जुळून पक्की होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की रंगद्रव्य आधीपासूनच आत असतं आणि प्रत्येक कंपनीचं, प्रत्येक वडीचं रंगद्रव्य वेगवेगळ्या ताकदीचं असतं. म्हणून एका कंपनीच्या क्लेसाठी लिहिलेलं प्रमाण दुसऱ्या कंपनीच्या क्लेवर जसंच्या तसं चालत नाही. इथे पुढे येणारे आकडेही सुरुवातीचे आहेत. तिथून कोणत्या दिशेने सरकायचं ते कळणं जास्त मोलाचं.

शाळेत लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग म्हणून शिकवतात. क्लेला त्यांच्या जागी मजेंटा, पिवळा आणि आकाशीकडे झुकणारा शुद्ध निळा घ्यावा. फिमो प्रोफेशनल या क्लेमध्ये ट्रू मजेंटा, ट्रू येलो, ट्रू ब्लू अशा नावांनी हे मिश्रणासाठीचे रंग मिळतात. दुसऱ्या कंपनीची क्ले असेल तर वडीवरच्या नावाकडे न बघता तिचा कल बघायचा. प्रीमो या दुसऱ्या क्लेमधला अल्ट्रामरीन ब्लू घ्या. तो सुंदर निळा आहे, पण जांभळ्याकडे झुकतो, म्हणजे त्याच्या पोटात लाल आहे. त्यात नारिंगीकडे झुकणारा कॅडमियम येलो मळला की दोन्हीकडचा लाल एकत्र येतो आणि हिरव्याऐवजी ऑलिव्हसारखा रंग हाती लागतो. हा तो तिसरा रंग. कुणी तो घातलेला नसतो, दोन वड्यांतून तो चोरपावलांनी आलेला असतो.

कोणत्याही गडद वडीचा कल ओळखायची सोपी रीत म्हणजे त्या रंगाची चिमूट दहापट पांढऱ्यात मळून बघणं. गडद गोळ्यात लपलेला जांभळट किंवा हिरवट सूर पांढऱ्यात लगेच उघडा पडतो. नव्या वडीचं पाकीट फोडलं की हे पहिलं काम. त्याने पुढचे तासन् तास वाचतात.

आता मोका मूस. याचा पॅन्टोन क्रमांक १७-१२३०. हा आकडा नुसता नोंदणीसाठी नाही, तो वाचता येतो. कापडाच्या रंगांसाठीच्या या पद्धतीत पहिले दोन अंक उजळपणा सांगतात: ११ च्या आसपास अगदी फिकट, १९ म्हणजे गडद. मधले दोन रंगचक्रातली जागा सांगतात आणि शेवटचे दोन रंगाचा तजेला: ०० म्हणजे राखाडी, आकडा वाढेल तसा रंग भडक. तेव्हा १७-१२३० म्हणजे मध्यमाहून गडद, नारिंगीच्या घरातला आणि बराच दबलेला रंग. शेजारी २०१९ चा लिव्हिंग कोरल ठेवा, १६-१५४६. तोही त्याच उबदार घरातला, जरा लालीकडे सरकलेला, पण शेवटचे अंक ३० च्या जागी ४६. तजेल्यात केवढा फरक आहे ते आकड्यातच दिसतं. २०२४ चा पीच फझ, १३-१०२३, तोही नारिंगीच, फक्त कितीतरी फिकट. म्हणजे कॉफी, पोवळं आणि पीच ही नावं मनातून काढून टाकली, तर तिन्ही नारिंगीचीच भावंडं आहेत. नाव विसरून आकडा वाचला की रंगाची पाककृती अर्धी समजते.

तपकिरी हा वेगळा रंग नाही, तो दबलेला गडद नारिंगी आहे. तेव्हा आधी नारिंगी करायचा, मग त्यात निळा घालून त्याला मळका करायचा, आणि मग पांढऱ्याने उजळ करायचं. क्रम हाच ठेवावा. पांढरा आधी घातला तर नारिंगीचा कल नीट दिसत नाही आणि प्रत्येक दुरुस्तीला गोळा फुगत जातो.

पिवळा ८ ग्रॅम आणि मजेंटा २ ग्रॅम मळून नारिंगी करा. वजनासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनारी पद्धतीचा छोटा काटा लागतो. डोळ्यांनी वाटण्या केल्या तर एवढ्या लहान मापात चूक होणारच. नारिंगीतला १ ग्रॅम बाजूला ठेवा आणि उरलेल्याचे ३ ग्रॅमचे तीन गोळे करा. पहिल्यात ०.१ ग्रॅम निळा, दुसऱ्यात ०.२, तिसऱ्यात ०.४. निळा जपून घालायचा, कारण या शुद्ध निळ्याची ताकद प्रचंड असते. पिवळा त्याच्यापुढे दुबळा. ताकदवान रंग नेहमी दुबळ्यात घालावा, उलट कधीच नाही. निळ्यात पिवळा घालत बसलं तर अख्खी पिवळी वडी संपते आणि निळा तसाच उरतो.

आता प्रत्येक गोळ्यातून एकेक ग्रॅमच्या तीन गोळ्या काढायच्या आणि त्यांत अनुक्रमे १, २ आणि ४ ग्रॅम पांढरा मळायचा. असे नऊ नमुने होतात. सगळी मिळून साधारण ३२ ग्रॅम क्ले लागते, म्हणजे ५७ ग्रॅमच्या एका वडीपेक्षा कमी. यात कंजुषी करू नये. एकच गोळा घेऊन त्यात ‘अजून थोडं’ करत राहणारे शेवटी याहून जास्त क्ले वाया घालवतात, आणि शेवटी जुळलाच तर तो कसा जुळला हे त्यांना सांगता येत नाही.

मळणं पूर्ण झालं हे डोळ्यांनी ठरवावं. क्ले लाटायला वापरतात त्या रोलरच्या पास्ता मशीनच्या सर्वांत जाड खुणेवर पट्टी काढायची, दुमडायची, आणि दुमडलेली कड आधी रोलरमध्ये जाईल अशी परत घालायची. उघडी कड आधी गेली की हवा आत अडकते आणि भाजल्यावर फुगे दिसतात. वीस-पंचवीस वेळा काढल्यावर रेघा जातात. मग पट्टी मधून कापून छेद बघावा. वरून एकसारखी दिसणारी पट्टी आतून अजून रेघारेघांची असते, आणि अशा अर्धवट मळलेल्या गोळ्यावरून रंगाचा निर्णय घेतला तर तो चुकणारच.

नऊ नमुने ओळीने मांडले की पुढची दिशा दिसते. हिरवट, खाकी वाटतोय? निळा नि पिवळा एकत्र येऊन वरचढ झालेत, मजेंटाचा कण हवा. कांद्याच्या सालीसारखा गुलाबट? पिवळा कमी पडलाय. विटकरीकडे गेलाय आणि अंगावर येतो? निळा वाढवा. राखेसारखा निर्जीव? निळा जास्त झालाय, बाजूला ठेवलेला नारिंगी आता कामी येतो. आणि दोन नमुन्यांच्या मधला रंग हवा असेल तर नवं काही शोधायची गरज नाही. त्या दोघांची प्रमाणं मांडून मधलं घ्यायचं.

एक गोष्ट हमखास फसवते. पांढरा रंग फक्त उजळ करत नाही, तो थंडही करतो. उबदार तपकिरीत पांढरा घातला की तो किंचित गुलाबट-राखाडी होतो. म्हणून पांढरा घालून झाल्यावर पुन्हा पिवळ्याचा किंवा नारिंगीचा एक कण लागतो. तयार तपकिरी वडीत पांढरा घालून मोका मूस करू पाहणाऱ्यांचा रंग नेहमी ‘जवळपास’ येऊन थांबतो, त्याचं कारण हेच.

आणि काळा? रंग गडद करायला काळा हाताशी असतो, पण त्याचं बोट धरू नये. काळ्याची ताकद एवढी की कणभराने गोळा बुडतो, शिवाय पिवळ्याबरोबर काळा हिरवट ऑलिव्ह देतो. तपकिरीतला निळा मात्र नारिंगीशी भांडून त्याला दबवतो आणि रंगात खोली राहते. भाजलेल्या दोन चकत्या शेजारी ठेवल्या की काळ्याने गडद केलेली कोणती ते लांबून ओळखू येतं.

भाजणं हा या सगळ्यातला असा टप्पा आहे की त्याच्याआधी रंगाबद्दल काहीच ठामपणे बोलू नये. कच्च्या क्लेची तुलना कापडाशी करू नये, भाजलेल्या चकतीचीच करावी. दोन सेंटिमीटरची गोल चकती, सगळ्यांची जाडी सारखी, मागे टूथपिकने क्रमांक कोरलेला, वर दोरा ओवायला भोक. फिमोला ११० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं, प्रीमोला १३० अंशांना दर ६ मिलिमीटर जाडीमागे ३० मिनिटं. घरातल्या ओटीजीच्या, म्हणजे छोट्या ओव्हनच्या, बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. हीटिंग रॉड लाल होतात तेव्हा आतलं तापमान बटणावरच्या आकड्याच्या कितीतरी वर जातं. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या, ट्रे मधल्या खणात ठेवा आणि वरून फॉइलचा तंबू करा. फिकट रंग आणि पारदर्शक क्ले जास्त तापली की पिवळटते, आणि मोका मूससारख्या रंगात तो पिवळेपणा सहज लपतो. आपण मिश्रण चुकलं समजून वजनं बदलत बसतो, चूक असते ओव्हनची. खूपच तापवलं तर पीव्हीसी जळायला लागतं आणि झोंबणारा वायू सुटतो. असं झालं तर ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावं.

ज्या मिश्रणात पारदर्शक क्ले बरीच असते, ते कच्चं असताना दुधट दिसतं आणि भाजल्यावर गडद, खोल होतं. अपारदर्शक क्लेचा बदल त्यामानाने थोडा. म्हणून दोन्ही प्रकार एका पाककृतीत असतील तर अंदाज बांधायच्या भानगडीत पडू नका, चकती भाजा.

आता मोरपंखी. नवरात्रीच्या रंगांची यादी बारकाईने बघितली तर तिच्यात एक शिस्त दिसते. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. वार पुन्हा येतो तेव्हा उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांपैकी रंग मिळतात. २०२३ मध्ये शेवटच्या सोमवारी मोरपंखी होता, २०२४ ला गुलाबी नि जांभळा आले, २०२५ ला पुन्हा मोरपंखी. क्लेचे दागिने करणाऱ्याला याचा फायदा आहे: सात रंगांचे नमुने कायमचे करून ठेवता येतात, धावपळ फक्त शेवटच्या दोन-तीनांची.

पण मोरपंखी म्हणजे नक्की कोणता? एका दुकानात तो निळ्याकडे झुकतो, दुसऱ्यात हिरव्याकडे, तिसऱ्यात दुकानदार त्यालाच रामा ग्रीन म्हणतो. आपल्याकडच्या रंगांची नावं वस्तूंवरून आली आहेत: अबोली, आमसुली, डाळिंबी, श्रीखंडी. नाव ऐकताच डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं, आणि मला ती नावं पॅन्टोनच्या क्रमांकांपेक्षा फार प्रिय आहेत. पण कानातली करायची असतील तर नावावर भागत नाही. साडीच्या काठाच्या आत दुमडलेल्या कापडाचा, नाहीतर ब्लाउजपीसचा एक तुकडा हातात हवाच. मोबाइलवर आलेला फोटो चालत नाही. कॅमेरा रंग बदलतो, पडदा बदलतो, आणि निळ्या-हिरव्याच्या सीमेवर तो बदल सगळ्यात जास्त फसवतो.

मोरपंखीला हवा शुद्ध निळा आणि लिंबाकडे झुकणारा थंड पिवळा. लाल असलेलं काहीही नको: अल्ट्रामरीन नको, कॅडमियम येलो नको. पिवळ्याचे अनुक्रमे १, २ आणि ४ ग्रॅमचे तीन गोळे घ्या आणि प्रत्येकात २ ग्रॅम निळा घाला. मळून झाल्यावर तिन्ही जवळजवळ काळपट दिसतील. इथेच पुष्कळ जण घाबरतात आणि पिवळा ओतत सुटतात. थांबा. शुद्ध निळं रंगद्रव्य दाट असताना असंच काळवंडलेलं दिसतं. त्यात वजनाच्या आठव्या हिश्शाने पांढरा घाला, आणि रंग उघडतो. एरवी रंग फिका करणारा पांढरा इथे त्याचा तजेला बाहेर काढतो. एक गोळी बिनपांढऱ्याची, एक आठव्या हिश्शाची, एक चौथ्या हिश्शाची, अशा पुन्हा नऊ चकत्या. चौथ्या हिश्शाच्या पुढे गेलात तर रंग खडूसारखा होत जातो. उजळपणा हवा पण खडूपणा नको असेल तर पांढऱ्याऐवजी पारदर्शक क्ले.

तयार टर्क्वॉइज वडी असेल तर तिचा कल बरोबर असतो, पण तयार उजळ वडीत पांढरा बहुधा आधीच मिसळलेला असतो. तिच्यातून खोल मोरपंखी काढायचा म्हणजे काहीतरी गडद घालावंच लागतं. इथे मी काळ्याबद्दलचं आधीचं मत थोडं सैल करीन: पासष्टात एखादा वाटा काळा निळ्या-हिरव्यात फारसा दिसून येत नाही. तरी गडद हिरवी वडी हाताशी असेल तर ती बरी.

मोरपंखीचा खरा शत्रू मात्र पाककृतीत नसतो, तो पास्ता मशीनच्या रोलरवर आणि नखांत असतो. आधी मोका मूस काढून त्याच रोलरमधून मोरपंखी काढला तर राहिलेला नारिंगी थर त्याला दबवतो. पेरभर डागाने सबंध पट्टी मरगळते. मजेंटा तर हातांच्या रेघांत जाऊन बसतो. म्हणून कामाचा क्रम ठरलेला असावा: आधी पांढरा नि फिके, मग थंड झळाळते, सगळ्यात शेवटी तपकिरी. मधे रोलरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा, आणि हातांसाठी साबणाआधी जुन्या पांढऱ्या क्लेचा एक गोळा. तो तळव्यांत घोळला की त्वचेवरचं रंगद्रव्य उचलून घेतो, साबणाहून कितीतरी छान.

रेशमी मोरपंखी साडीचा आणखी एक प्रश्न असतो. पुष्कळशा पैठण्या धूपछाव असतात: उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. निळे नि हिरवे धागे एकमेकांतून गेलेले असतात, आणि पदर हलला की रंग बदलतो. अशा कापडाशी एकच रंग जुळवायचा प्रयत्न करणं व्यर्थ आहे. धाग्याचा एकेक रंग वेगळा जुळवावा आणि मग दोन्हींचा स्किनर ब्लेंड करावा. ज्युडिथ स्किनर यांच्या नावाची ही रीत क्लेच्या कामात जगभर रूढ आहे. दोन रंगांचे काटकोन त्रिकोण कर्णाला कर्ण लावून एक चौकोन करायचा आणि तो नेहमी एकाच दिशेला दुमडून मशीनमधून काढत राहायचा. वीसेक वेळांत एका कडेचा निळा सरकत सरकत दुसऱ्या कडेच्या हिरव्यात मिसळतो. दुमडताना दिशा बदलली की संपलं, दोन्ही रंग एक होऊन जातात. कोपऱ्याला कोपरा काटेकोर लावण्याऐवजी त्रिकोण थोडे सरकवून लावावेत, म्हणजे दोन्ही टोकांना निखळ रंगाची पट्टी शिल्लक राहते. नाहीतर टोकंही मिसळतात आणि ज्या दोन रंगांसाठी एवढी मेहनत केली, ते कुठेच उरत नाहीत.

रेशीम चमकतं आणि भाजलेली क्ले मंद दिसते, म्हणून चकती साडीवर ठेवली की ती फिकी वाटते. लगेच गडद करायला धावू नका. चकतीवर पाण्याचा थेंब पसरवा. ओली असताना जसा रंग दिसतो, साधारण तसाच तो पॉलिश पेपरने घासून चकाकी आणल्यावर किंवा व्हार्निश दिल्यावर दिसेल. तुलना त्या ओल्या रंगाशी. मोका मूससारख्या सुती मनाच्या रंगाला मात्र मंदच ठेवावं. त्याला चकाकी दिली की तो चॉकलेटच्या वेष्टनासारखा दिसतो.

आणि तुलना कुठे करायची, तर मॅचिंग सेंटरच्या पायरीवर. कापडातलं रंगद्रव्य वेगळं, क्लेतलं वेगळं. एका उजेडात दोन्हींकडून डोळ्यांपर्यंत सारखा प्रकाश पोहोचतो, दुसऱ्या उजेडात पोहोचत नाही. याला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि दोन वेगळ्या पदार्थांत तो पूर्ण टाळणं जवळजवळ अशक्य. करायचं एवढंच, की दागिना कोणत्या उजेडात घालायचाय ते आधी ठरवायचं. दिवसाच्या कार्यक्रमासाठी सावलीतला दिवसाचा उजेड, गरब्यासाठी पिवळा दिवा. दोन्हींकडे जरा जरा चुकणारा रंग एका उजेडात तंतोतंत आणि दुसऱ्यात साफ फसणाऱ्या रंगापेक्षा मी केव्हाही पसंत करीन. बघताना राखाडी कागदाला शेजारी-शेजारी दोन भोकं पाडून एकाखाली कापड, दुसऱ्याखाली चकती ठेवावी. आजूबाजूचा जरीकाठ दिसला की डोळा भरकटतो. उजळपणाबद्दल शंका असेल तर मोबाइलने दोन्हींचा एकत्र काळा-पांढरा फोटो काढावा. रंग जुळवायला फोटो कुचकामी, पण गडद-फिक्याचा निकाल तो चांगला देतो.

जुळलं की मोठा गोळा. समजा मोका मूसमध्ये मधली चकती जुळली: ३ ग्रॅम नारिंगीला ०.२ ग्रॅम निळा, आणि त्या मिश्रणाच्या दुप्पट पांढरा. वीस जोड्या करायच्या आहेत, जोडीला ६ ग्रॅम, म्हणजे १२० ग्रॅम. कापाकापीत जाणाऱ्यासाठी दहावा हिस्सा वर धरा, १३२ ग्रॅम. त्यातला एक तृतीयांश, ४४ ग्रॅम, तपकिरी मिश्रण आणि ८८ ग्रॅम पांढरा. ४४ मध्ये निळ्याचा सोळावा हिस्सा, २.७५ ग्रॅम. उरलेल्या ४१.२५ ग्रॅम नारिंगीत पिवळा ३३ आणि मजेंटा ८.२५. दहावा हिस्सा वर धरला नाही तर शेवटच्या जोडीला क्ले कमी पडते, आणि पाच-सहा ग्रॅमचा तोच रंग परत बनवताना काट्याची बारीकशी चूकही उठून दिसते.

मोठ्या गोळ्यात चुकलं तर सगळ्या गोळ्यावर दुरुस्ती करू नका. पाव हिस्सा काढून त्यावर प्रयोग करा. रंग गडद झाला असेल तर पांढरा त्यात घालण्याऐवजी तो गडद गोळा थोडा थोडा नव्या पांढऱ्यात घालत जा, जितका लागेल तितकाच. उरलेला गडद गोळा पुढच्या वेळेसाठी.

तो ठेवायचा कसा, हेही महत्त्वाचं. कच्च्या क्लेतला प्लास्टिसायझर कडक, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांना खातो. पॉलिथिनमध्ये गुंडाळून, ५ आकड्याची खूण असलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवावी. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद गाडीत राहिलेली क्ले हळूहळू आपोआप पक्की व्हायला लागते, चुरचुरीत होते आणि मळताना तुटते. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड जागा तिची. प्रत्येक चकतीच्या मागे क्रमांक आणि वहीत त्या क्रमांकापुढे कंपनी, वडीचं नाव, वजनं, तापमान, मिनिटं. वडीचं पाकीट बदललं तरी नोंद करावी.

शेवटी टेबलावर कापलेल्या कडा, फसलेल्या गोळ्या, रोलर पुसताना निघालेले तुकडे उरतात. सगळे रंग एकत्र मळले की त्यातून बहुतेक वेळा तपकिरीच निघतो, कारण तिन्ही मूळ रंग त्यात असतात. तो फेकू नये. शंभर-दीडशे ग्रॅम जमेपर्यंत साठवावा आणि एकदमच मळून एकसारखा करावा. थोडा थोडा मळला तर प्रत्येक वेळी वेगळा निघतो आणि नोंदीचा उपयोग राहत नाही. एकसारखा केलेला हा तपकिरी गोळा भडक गुलाबी, झगझगीत हिरवा किंवा फार बोलका पिवळा दबवायला वापरता येतो. दहा ग्रॅम रंगाला ०.१ ग्रॅमपासून सुरुवात करावी, आणि मोरपंखीच्या डब्याजवळ तो ठेवू नये.